काजू बी : नुसत्या वजनावर नको, उताऱ्यावर दर द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी उजाडला, बोंडू पिवळे-तांबडे दिसू लागले, की सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत दोन मागण्या ठरलेल्या असतात. काजू बीला किलोमागे २०० रुपये हमीभाव द्या, ही पहिली. परदेशातून येणारी बी थांबवा, नाहीतर तिच्यावर जबर आयात शुल्क बसवा, ही दुसरी. मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, आणि मे महिन्यात शेवटची बी पावसात भिजून काळी पडली की विषय पुढच्या वर्षावर जातो. मागण्यांमागचा राग खरा आहे. पण काजूचा दर कुठे आणि कसा ठरतो हे बाजूला ठेवून त्या केल्या जातात, त्यामुळे हातात काही पडत नाही. माझी मागणी वेगळी आहे : टरफलासकट बीचा दर नुसत्या किलोवर न ठरता, तिच्यातून किती गर निघतो, म्हणजे तिचा उतारा किती, यावर ठरावा.

देशात पिकणारी काजू बी साधारण सात-आठ लाख टनांच्या घरात आहे. कारखान्यांची भूक त्याच्या दुपटीहून जास्त. उरलेली बी आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन, गिनी-बिसाऊ, टांझानिया, मोझांबिक अशा देशांतून मंगळूर, तुतिकोरिनसारख्या बंदरांत उतरते. कुडाळचा किंवा सावंतवाडीचा कारखानदार स्थानिक बी तीन-चार महिने फोडतो. वर्षभर बायका कामावर ठेवायच्या, बॉयलर पेटता ठेवायचा, तर उरलेले महिने त्याला आफ्रिकेचीच बी लागते. तेव्हा एप्रिलमध्ये दारात आलेल्या गोणीचा दर सांगताना त्याच्या डोक्यात एकच हिशेब असतो : हाच माल मंगळुरातून आणला तर मला केवढ्याला पडेल?

तो हिशेब मांडून बघू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, पण रीत हीच. टनाला १,५०० डॉलर, डॉलर ८५ रुपये, म्हणजे किलोला १२७ रुपये ५० पैसे. त्यावर २.५ टक्के आयात शुल्क, सुमारे ३ रुपये २० पैसे. बंदरातली हमाली, ट्रकभाडे, पैशाचे व्याज, वाटेतली घट मिळून नऊएक रुपये. कारखान्याच्या दारात झाले १४० रुपये. स्थानिक बीला तो त्याच दर्जासाठी १४० च्या वर जाणार नाही, कारण त्याला जायचे कारण नाही. १४० च्या फार खालीही त्याला कायम राहता येणार नाही, कारण शेजारचा कारखाना माल उचलेल. आपल्या तालुक्यात पीक जास्त आले की दर पडतो आणि कमी आले की चढतो असे आपण म्हणतो. काजूच्या बाबतीत ते फार थोडे खरे आहे. आपली अख्खी बाग मोहरावेळच्या ढगाळ हवेने आणि ढेकण्या किडीने गेली, तरी आयव्हरी कोस्टला पीक बरे असेल तर दर जागचा हलत नाही. शेतकऱ्याला हे जाचक वाटते. पीकही गेले आणि दरही नाही, हा अनुभव त्यातूनच येतो.

आता शुल्काकडे. काजू बीवरचे आयात शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आणले गेले. काजूगरावरचे शुल्क मात्र २०१९ मध्ये ४५ वरून ७० टक्क्यांवर नेले. शिवाय त्याच वर्षी गराचा किमान आयात दर वाढवला : तुकड्याला किलोमागे ६८० रुपये, अख्ख्या गराला ७२०. म्हणजे कच्च्या मालाला दार सताड उघडे आणि पक्क्या मालापुढे भिंत. अर्थशास्त्रात याला परिणामकारक संरक्षण म्हणतात, आणि ते शुल्काच्या आकड्यावरून दिसत नाही, काढावे लागते. समजा जगाच्या बाजारात गराची किंमत १०० आहे आणि त्यात बीचा खर्च ७५. फोडणाऱ्याच्या हातात उरले २५. आता गरावर ७० टक्के शुल्क असल्याने देशात गर १७० पर्यंत चढू शकतो, बी २.५ टक्क्यांनी वाढून ७७ ला पडते. हातात उरू शकतात ९३. कागदावर ७० टक्के दिसणारे संरक्षण प्रक्रियेच्या कामाला पावणेतीनशे टक्क्यांच्या घरात जाते. प्रत्यक्षात एवढे कोणालाच मिळत नाही. देशात हजारो कारखाने एकमेकांच्या उरावर बसलेले आहेत, आणि त्यांच्या चढाओढीतच गराचा दर खाली येतो. पण भिंतीच्या आतला जो काही फायदा आहे, तो बीपर्यंत झिरपत नाही, हे नक्की. बी जगाच्या दराने हवी तेवढी मिळते, मग तिच्यासाठी जास्त कोण मोजणार?

मग बीवरचे शुल्क वाढवा, हा सरळ तर्क झाला. तो पूर्ण चुकीचा नाही. शुल्क वाढले तर दर थोडा चढेल. पण किती, हे बघताना एक गोष्ट कोणी बोलत नाही. भारताने २००८ मध्ये अल्पविकसित देशांसाठी शुल्कमुक्त आयातीची योजना जाहीर केली, आणि तीत काजूचे नाव सुरुवातीपासून आहे. बेनिन, टांझानिया, मोझांबिक, गिनी-बिसाऊ हे त्या यादीतले देश. आयव्हरी कोस्ट, घाना, नायजेरिया त्यात नाहीत. म्हणजे उद्या शुल्क २० टक्के केले तरी ते पहिल्या गटाला लागत नाही. मूळ देशाचा दाखला जोडला की माल शुल्काशिवाय आत. मोठे आयातदार आपली खरेदी त्या देशांकडे वळवतील. अडचण होईल ती आपल्याकडच्या छोट्या कारखान्याची, जो थेट आयात करत नाही, मंगळूरच्या आयातदाराकडून एकेक ट्रक उचलतो आणि सांगेल तो दर देतो. शेतकऱ्याला किलोमागे चार-पाच रुपये वाढून मिळावेत म्हणून वेंगुर्ल्यातला पंधरा बायकांचा बी कापायचा कारखाना बंद पडावा, असा तो सौदा आहे. ज्यांना तो मान्य असेल त्यांनी उघडपणे मागावा, पण त्याची किंमत कोण मोजणार हेही सांगावे.

२०० रुपयांच्या हमीभावाचे गणित आणखी अवघड आहे. बाजारात माल १४० ला मिळत असताना सरकारने २०० ला घ्यायचे ठरवले, तर एकही गोणी व्यापाऱ्याकडे जाणार नाही. सगळी सरकारी काट्यावर येईल, आणि कर्नाटकातली, गोव्यातली, किंबहुना आफ्रिकेतलीही बी गोणी बदलून त्याच काट्यावर येईल. बी दिसायला सारखीच, तिच्यावर सातबारा छापलेला नसतो. सरकार ती घेऊन फोडणार कुठे? गोव्याने यातून वेगळी वाट काढली. तिथे २०२३ मध्ये आधारभूत किंमत १२५ वरून १५० रुपये केली, आणि बाजारात विकल्यानंतर कमी पडलेला फरक शेतकऱ्याला देण्याची पद्धत ठेवली. माल सरकारच्या गळ्यात पडत नाही, बाजार चालू राहतो. पण त्यासाठी प्रत्येक विक्रीची पावती लागते, आणि आपल्याकडचे घोडे इथेच अडते.

महाराष्ट्राने २०२४ च्या हंगामासाठी किलोला १० रुपये अनुदान दिले. किमान ५० किलो, जास्तीत जास्त २,००० किलो, म्हणजे एका शेतकऱ्याला वीस हजारांपर्यंत. व्यापारी लगेच दहा रुपयांनी दर पाडतील आणि अनुदान खिशात घालतील, अशी भीती तेव्हा व्यक्त झाली. तशी शक्यता कमीच, आणि कारण वर आलेच आहे. दर मंगळूरच्या भावाला बांधलेला आहे, दहा रुपयांनी पाडणाऱ्याकडचा माल शेजारचा घेऊन जाईल. ज्याला अनुदान मिळाले त्याच्याकडे ते राहिले. प्रश्न ते मिळाले कोणाला हा आहे. त्यासाठी सातबाऱ्यावर काजूची नोंद हवी आणि विक्रीची पावती हवी. कोकणात सातबारा सामाईक. आठ नावांतली पाच मुंबईत, दोन मयत, वारसनोंद झालेली नाही. बाग प्रत्यक्षात राखतो, साफ करतो, बी वेचतो तो पुष्कळदा खंडकरी, म्हणजे ठरावीक मोबदल्यावर बाग राखायला घेतलेला. त्याचे नाव कुठेच नाही.

आणि पावती का मिळत नाही, हे जीएसटीच्या एका कलमात दडलेले आहे. सोलले-फोडले नसलेले काजू नोंदणीकृत खरेदीदाराने शेतकऱ्याकडून थेट घेतले तर त्यावरचा ५ टक्के कर खरेदीदाराने भरायचा असतो, आणि तोही रोखीने. तेवढी रक्कम नंतर त्याला गराच्या विक्रीवरच्या करातून वळती करता येते. कागदावर नुकसान शून्य. व्यवहारात काय होते ते बघा. एप्रिल-मेमध्ये १०० टन बी १५० च्या दराने घेतली तर दीड कोटींचा माल आणि साडेसात लाख कर, पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या आत. गर मात्र वर्षभर थोडा थोडा विकला जाणार, तसतसे ते साडेसात लाख सुटत जाणार. हंगामात बँकेची मर्यादा आधीच ताणलेली असताना हे पैसे अडकतात. आपसमेळ (कंपोझिशन) योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या छोट्या कारखान्याची अवस्था तर वाईटच. त्याला कर भरावा लागतो आणि परतावा काहीच नाही, पाचच्या पाच टक्के खर्चात जातात.

याउलट गावातल्या अनोंदणीकृत छोट्या व्यापाऱ्याकडून घेतले तर हा कर लागत नाही. मालाच्या व्यवहारात वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्याला नोंदणी करावी लागत नाही. १५० रुपये दराने ४० लाख म्हणजे सुमारे साडेसव्वीस टन. हंगामात गावागावांत, तिठ्या-तिठ्यावर छोटे काटे लागतात, त्याचे हेही एक कारण आहे. शेतकरी तिथे संध्याकाळी पंधरा-वीस किलो नेतो, रोख घेतो, कागद कोणी फाडत नाही. म्हणजे एका खात्याचा नियम पावती फाडू नका म्हणतो आणि दुसऱ्या खात्याचा नियम पावती असेल तरच पैसे म्हणतो. दोन्ही नियम आपापल्या जागी सरळ आहेत. शेतकरी त्यांच्यामध्ये चिरडतो. यावर उपाय फार मोठा नाही. शेतकऱ्याकडून थेट खरेदीवरचा हा उलटा कर काढून टाकावा, कारण आपसमेळवाले सोडले तर तो शेवटी गराच्या करात वळताच होतो, सरकारच्या तिजोरीत जास्तीचा रुपया पडत नाही. तो विषय जीएसटी परिषदेचा आहे, पण राज्याला तिथे बोलता येते.

इथपर्यंत बाहेरच्या गोष्टी झाल्या. माझा खरा मुद्दा पुढे आहे. आपल्या हातात असलेली आणि कोणीच न धरलेली बाजू म्हणजे दर्जा मोजणे. आफ्रिकेतून बी घेताना जगातला कोणताही खरेदीदार नुसत्या किलोवर घेत नाही. तो उतारा विचारतो : ८० किलोच्या गोणीतून किती पौंड गर निघतो. ४८ पौंडाचा सौदा असेल आणि बंदरात ४५ भरला, तर किंमत कापली जाते. हाच कारखानदार मंगळुरात उताऱ्यावर भांडतो आणि कुडाळात डोळ्यांनी बघून, मूठभर बी हातात खुळखुळवून दर सांगतो.

याचा परिणाम काय होतो, ते वाळवणीवरून कळेल. झाडाखालून वेचलेल्या बीत बरेच पाणी असते. १६ टक्के ओलाव्याची १०० किलो बी ९ टक्क्यांवर आणली तर उरते ९२ किलो ३०० ग्रॅम. सात किलो ७०० ग्रॅम नुसते पाणी उडाले. कोरड्या बीचा दर १४० असेल तर ओलीचा रास्त दर झाला १२९. पण काट्यावर ओली-कोरडी असा दर नाहीच. दोन्हीला एकच दर. मग जो दोन-तीन दिवस खळ्यात ताडपत्री पसरून, पातळ थर करून, दिवसातून तीनदा पाय फिरवून बी वाळवतो, त्याचे क्विंटलमागे हजारएक रुपये गेले आणि मजुरी वर. वाळवणाराच मूर्ख ठरतो. म्हणून कोणी वाळवत नाही. कोणी वाळवत नाही हे व्यापाऱ्याला ठाऊक, म्हणून तो सगळीच बी ओली धरून दर सांगतो, वर गोणीमागे वजनात किलो-दोन किलो कडता (कपात) मारतो. त्याला चोर म्हणणे सोपे आहे. त्याच्या जागी बसलेल्या कोणालाही, समोरच्या गोणीत काय आहे हे कळत नसेल, तर सर्वांत वाईट माल धरूनच बोली करावी लागते. मग चांगला माल आणणारा हळूहळू चांगला माल आणणे सोडतो. माहिती एकाच बाजूला असली की बाजार असा खालच्या पायरीवर जाऊन बसतो.

प्रतवारीचेही तेच. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने दिलेल्या वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ या जाती आज बागोबाग आहेत. वेंगुर्ला ७ ची एक बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते, किलोत शंभर, आणि गराचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत. पौंडात १८० गर बसतील एवढा तो टपोरा. आफ्रिकेची बी किलोत १८० ते २०० भरते. पण आपण वेंगुर्ला ७ आणि बांधावरच्या गावठी झाडाची बारकी बी एकाच गोणीत ओततो. कारखान्यात गेल्यावर काय होते? वाफेवर मोठ्या बीला जास्त वेळ लागतो. मिसळ असेल तर बारकी जास्त शिजते, गर पिवळट-करपट होतो, आणि मोठी कच्ची राहते, तिचा गर टरफलाला चिकटतो. कटरचे पाते एका मापाला लावलेले असते. बारकी बी त्यातून नीट न कापता सुटते आणि मोठीचा गरच चिरतो. अख्ख्या गराचा पाकळी किंवा तुकडा झाला की किलोमागे शंभराच्या पटीत दर उतरतो. हा सगळा तोटा कारखानदार आधीच मनात धरून बीच्या दरातून कापतो. आपली चांगली जात आपणच मातीमोल करतो, आणि वर म्हणतो आमच्या काजूला चव आहे. चव आहेच. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मानांकन पाकिटावर छापता येते, मिसळीच्या गोणीवर नाही.

उतारा काढायला प्रयोगशाळा लागत नाही. पायाने दाबायचा साधा कटर, ग्रॅम दाखवणारा काटा आणि आर्द्रतामापक, एवढा संच एका टेबलावर मावतो. रीत अशी. लॉटमधल्या दहातल्या एका गोणीतून, वरून, मधून आणि तळातून, मूठमूठ बी काढायची. तळातून काढायला विसरले तर परीक्षा फुकट, कारण वर छान बी घालून तळाला भिजकी घालणारे आपल्यातही आहेत. सगळी एकत्र करून ढीग पसरायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन बाजूला टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे. असे करत बरोबर एक किलो ठेवायची. आधी आर्द्रता बघायची. हा क्रम चुकवू नये, कारण ओल्या बीचा गरही जड भरतो आणि खोटा उतारा देतो. १० टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर माल परत वाळवायला पाठवायचा किंवा दर हिशेबाने कापायचा. मग बी मोजायची, किलोत किती ते लिहायचे. प्रत्येक बी उभी कापायची, टोचणीने गर काढायचा आणि सालीसकट तीन वाट्यांत टाकायचा. पहिल्या वाटीत निकोप गर. दुसरीत डागी, सुरकुतलेला, अपक्व. तिसरीत किडका, बुरशीचा, तेलकट; पोकळ निघालेली बीही इकडेच मोजायची. पहिल्या वाटीचे पूर्ण वजन धरायचे, दुसरीचे अर्धे, तिसरीचे शून्य. आलेल्या ग्रॅमला ०.१७६४ ने गुणले की पौंडातला उतारा. सवय झालेल्या दोन माणसांना ही परीक्षा अर्ध्या-पाऊण तासाची.

दोन गोणींचा हिशेब बघा. एक वाळवलेली, निवडलेली. निकोप गर २८८ ग्रॅम, डागी १६, त्याचे धरले ८. एकूण २९६, उतारा ५२.२ पौंड. दुसरी मिसळीची, हंगामाच्या शेवटची. निकोप २५०, डागी ३०, धरले १५. एकूण २६५, उतारा ४६.७. बाजारात ४८ पौंडाला १४० रुपये दर असेल तर पौंडाला पडले २ रुपये ९२ पैसे. पहिल्या गोणीला १५२ रुपये मिळायला हवेत, दुसरीला १३६. आज दोन्हीला एकच दर मिळतो, तोही बहुधा दुसरीचाच. फरक सोळा रुपयांचा आहे. सरकारच्या दहा रुपयांच्या अनुदानापेक्षा तो जास्त आहे आणि त्याला अर्थसंकल्पात तरतूद लागत नाही. दुसऱ्या गोणीवाल्याला आजच्यापेक्षा कमी मिळाले तर तो रागावेल, हेही मान्य. पण पुढच्या वर्षी तोच दोन दिवस वाळवेल आणि गावठी बी वेगळी काढेल.

एकट्या शेतकऱ्याच्या पन्नास किलोसाठी ही परीक्षा परवडणार नाही, हा आक्षेप बरोबर आहे. ती लॉटवर करायची असते. एका वाडीतले दहा-पंधरा जण जात वेगळी ठेवून दोन-तीन टनांचा लॉट करू शकले तर ती परवडते. इथे विकास सोसायट्या आणि शेतकरी उत्पादक कंपन्या उपयोगी पडतात. अडचण विश्वासाची आहे. माझी बी चांगली, शेजाऱ्याची भिजकी, आणि दर एक, ही भांडणे लॉटमध्ये होतातच. त्यासाठी गोणी घेतानाच आर्द्रता बघून, जास्त असेल तर न स्वीकारण्याचा कडकपणा लागतो. नात्यागोत्यात तो जड जातो, म्हणून परीक्षेला बसणारा माणूस शक्यतो दुसऱ्या गावचा असावा.

साठवणीबद्दल थोडे. एप्रिलमध्ये सगळ्यांनी एकदम विकू नये, माल ठेवावा, असे सगळेच सांगतात. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत काजू बी आहे. किमतीच्या ७५ टक्के कर्ज, ६ टक्के व्याज, सहा महिने. क्विंटलचे १४,००० धरले तर १०,५०० हातात आणि सहा महिन्यांचे व्याज ३१५ रुपये. साठवणीत किलो-दीड किलो घट, वर हमाली. म्हणजे ऑक्टोबरपर्यंत किलोमागे पाच-सहा रुपये दर वाढला तर कुठे बरोबरी होते. आणि तो वाढेलच असे नाही. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम आपल्याबरोबरच, फेब्रुवारी ते जून. तिथली जहाजे मे ते जुलैत आपल्या बंदरांना लागतात, नेमकी आपण ज्या काळात माल धरून बसणार तेव्हाच. पावसाळ्यात दर वाढेल ही आशा त्यामुळे बरेचदा फसते. सणासुदीच्या तोंडावर मागणी चढते आणि टांझानियाचा नवा माल नोव्हेंबरनंतरच येतो, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरची खिडकी त्यातल्या त्यात बरी. ठेवायची असेल तर बी ८-९ टक्क्यांवर वाळलेलीच ठेवावी : नखाने टरफलावर ओरखडा उठत नाही, हलवली की आतून वाजते. गोणपाटात भरावी, फळ्यांवर रचावी, भिंतीपासून हातभर दूर. प्लॅस्टिकच्या गोणीत ठेवलेली बी कोकणच्या पावसाळ्यात आतून घामेजते आणि सप्टेंबरात उतारा चार पौंडांनी कमी निघाला तर व्याजाचा हिशेब करण्यातही अर्थ राहत नाही. २०२० सारखी टाळेबंदी ऐन हंगामात आली, तर ठेवण्याशिवाय दुसरा मार्गही नसतो, तेव्हा ही विद्या हाताशी असलेली बरी.

राज्याने २०२३ मध्ये काजू मंडळाला मंजुरी दिली. त्याच्याकडून ब्रँड, प्रदर्शने, कारखाने अशा मोठ्या अपेक्षा आहेत. माझी मागणी फार छोटी आहे. कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि रत्नागिरीकडे राजापूर, लांजा, अशा पाच-सहा ठिकाणी बाजार समितीच्या किंवा सोसायटीच्या आवारात हे टेबल मांडावे. प्रत्येक ठिकाणी दोन माणसे, फेब्रुवारी ते मे. दारातल्या फळ्यावर रोज सकाळी तीन आकडे लिहावेत : ४८ पौंडाच्या बीचा दर, पौंडामागे चढ-उतार किती, आणि किती ओलाव्यापर्यंत कडता नाही. मंगळुरात आफ्रिकेच्या मालाचा काल काय दर होता, तो चौथा आकडा लिहिला तर उत्तमच. लॉटची परीक्षा झाली की तिचा शिक्का मारलेला कागद शेतकऱ्याच्या हातात द्यावा, त्यावर वजन, आर्द्रता, उतारा आणि विकणाऱ्याचे नाव असावे, मग तो मालक असो की खंडकरी. अनुदान पुन्हा जाहीर झाले तर तोच कागद पावती म्हणून धरावा, आणि सातबाऱ्यावरच्या आठ नावांच्या संमतीऐवजी ग्रामसभेत वाचून दाखवलेली खंडकऱ्यांची यादी पुरेशी मानावी.

कळावे,

काजू व्यवहारातील एक वाचक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग